पाँपेईसाठी एक अख्खा दिवस: कुठून शिरायचं, काय बघायचं, काय सोडायचं

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पाँपेई हे प्राचीन रोमन शहर इटलीत नेपल्सजवळ आहे. रोमहून निघून एका दिवसात पाँपेई आणि अमाल्फीचा किनारा दोन्ही उरकणाऱ्या सहलींमध्ये पाँपेईच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. दोन तासांत फोरम (शहराचा मुख्य चौक), वेश्यागृह आणि प्लास्टरचे दोन-चार मृतदेह बघून माणसं बाहेर पडतात आणि म्हणतात, "पडक्या भिंतीच तर आहेत." मला याचं फार वाईट वाटतं. तटबंदीच्या आतलं हे शहर जवळपास ६६ हेक्टरांचं आहे. त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग उकरलेला आहे आणि उरलेला अजून मातीखाली आहे. ज्यांना या शहरासाठी एक पूर्ण दिवस काढता येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई बरोबर होत्या, त्यामुळे चढ, सावली आणि बसायची जागा यांचा हिशोबही यात आलेला आहे.

आधी थोडं डोक्यात असू द्या

इ. स. ७९मध्ये व्हेसूव्हियस या ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा पाँपेई काही नवं शहर नव्हतं. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथे वस्ती होती. आधी लोक ओस्कन भाषा बोलायचे. इ. स. पूर्व ८०मध्ये रोमन सेनापती सुल्लानं तिथे रोमन वसाहत केली आणि लॅटिन आली. इ. स. ६२मध्ये मोठा भूकंप झाला. सतरा वर्षांनंतरही डागडुजी चालूच होती, म्हणून काही इमारती अर्धवट दिसतात आणि दगडी भिंतीत मध्येच विटांचं ठिगळ दिसतं. ही ठिगळं ओळखायला लागलात की अर्ध्या शहराचा उलगडा होतो.

उद्रेकात आधी कित्येक तास प्युमिसचा पाऊस पडत राहिला. प्युमिस म्हणजे आपण टाचा घासायला वापरतो तो हलका, सच्छिद्र दगड. त्याच्या ओझ्यानं छपरं कोसळली. मग डोंगरावरून तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट आले आणि मागे राहिलेले सगळे त्यात गेले. तारीख पूर्वी २४ ऑगस्ट धरत असत. पण २०१८मध्ये एका घरात कोळशानं भिंतीवर लिहिलेली ओळ सापडली, तिच्यातली तारीख १७ ऑक्टोबरची आहे. कोळशाचं अक्षर वर्षभर टिकत नाही, म्हणून उद्रेक त्याच सालच्या शरदात झाला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात.

तिकीट, नाव आणि पिशवी

नोव्हेंबर २०२४पासून पाँपेईत दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. ते पासपोर्टवर आहे तसंच टाका आणि पासपोर्ट जवळ ठेवा. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. दोन मुख्य प्रकार आहेत: एक फक्त शहराचं, दुसरं तटाबाहेरच्या बंगल्यांसकट. दुसरंच घ्या. थोडे युरो जास्त पडतात, पण 'व्हिला ऑफ द मिस्टरीज' चुकवली तर दिवस अपुरा राहतो. दर अधूनमधून बदलतात, वीस युरोंच्या आसपास धरून चाला. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असतो, आणि म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका.

एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ९ ते संध्याकाळी ७ आणि हिवाळ्यात ५ वाजेपर्यंत, ही नेहमीची वेळ. बंद होण्याच्या दीड तास आधी आत सोडणं थांबतं. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत (३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे), ती दारावर ठेवता येते.

महिना निवडता येत असेल तर एप्रिल, मेचा पूर्वार्ध किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतात आणि शहराला छप्परच नसल्यामुळे सावली मिळत नाही. विदर्भातल्या मे महिन्याची सवय असलेल्यांनीही टोपी विसरू नये, कारण इथे आठ तास उन्हातच असता.

स्टेशनं तीन आहेत, नीट बघा

नेपल्सहून पाँपेईला जायला चिरकुमव्हेसुवियाना नावाची लोकल आहे. तिच्या सोरेंतो मार्गावर 'पाँपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' हे स्टेशन लागतं. जवळजवळ सगळे इथेच उतरतात, कारण समोरच पोर्ता मरीना हे मुख्य दार आहे. दुसऱ्या, पोज्जोमारीनोच्या मार्गावर 'पाँपेई सांतुआरियो' नावाचं स्टेशन आहे, आणि सरकारी रेल्वेचं नुसतं 'पाँपेई' हे तिसरं. मार्गदर्शक पुस्तकं या दोन्ही स्टेशनांना चुकीचं म्हणतात. मी मात्र मुद्दाम त्यांपैकी एकावर उतरायला सांगते, कारण ती अँफिथिएटरच्या (खेळांच्या गोलाकार प्रेक्षागृहाच्या) बाजूच्या दाराला जवळ आहेत आणि त्या दाराला गर्दी कमी असते. गाड्या चालू आहेत की नाही हे आदल्या दिवशी तपासा, या लोकलमध्ये दुरुस्त्या आणि संप नित्याचे.

लोकल गारिबाल्दीला पकडायचा मोह होतो. त्याऐवजी एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला जा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. गर्दीत खिसे सांभाळा. मुंबईच्या लोकलमध्ये पिशवी जशी पुढे घेता, तशीच इथेही घ्या.

पूर्वेकडून शिरा

माझा सगळा बेत या एका गोष्टीवर उभा आहे. नऊच्या ठोक्याला अँफिथिएटरच्या दारातून आत जायचं आणि दिवसभर पश्चिमेकडे चालत राहायचं. सकाळचं ऊन पाठीवर राहतं, झुंडी पोर्ता मरीनाकडून येईपर्यंत तुमचं पूर्वेकडचं शहर बघून झालेलं असतं आणि चढही सौम्य पडतो. चाकाची खुर्ची किंवा गुडघेदुखी असलेल्यांसाठी आखलेला साडेतीन किलोमीटरचा सपाट मार्गही याच बाजूनं सुरू होतो. सासूबाई त्याच वाटेनं फोरमपर्यंत चालत आल्या.

दारावर नकाशा घ्या आणि त्या दिवशी कोणती घरं उघडी आहेत ते विचारा. सगळी घरं रोज उघडी नसतात. नकाशावर प्रत्येक जागेला तीन आकडे दिसतील, उदाहरणार्थ १.८.८. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फियोरेल्ली यांनी शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक विभागातल्या घरांच्या गटांना आणि प्रत्येक दाराला आकडा दिला. पहिला आकडा विभाग, दुसरा गट, तिसरा दार. रस्त्याच्या कोपऱ्यांवर त्याच्या पाट्या आहेत. या हिशोबानं पाँपेईत पत्ता शोधणं पुण्याच्या पेठांपेक्षा सोपं जातं.

पहिलं अँफिथिएटर. इ. स. पूर्व ७०च्या सुमाराचं, आज माहीत असलेल्या दगडी अँफिथिएटरांत सर्वांत जुनं. साधारण २०,००० माणसं बसत. इ. स. ५९मध्ये इथे पाँपेईकर आणि शेजारच्या नुचेरियाचे लोक यांच्यात भरखेळात मारामारी झाली, माणसं मेली आणि रोमनं शहरातल्या अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. त्या दंगलीचं भित्तिचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तिथून पलायनकर्त्यांच्या बागेत जा. द्राक्षमळ्यातून पळताना सापडलेल्या तेरा जणांचे ठसे तिथे आहेत. राखेत गाडलेली शरीरं कुजली आणि घट्ट झालेल्या राखेत पोकळ्या राहिल्या. १८६३पासून फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून शरीराचा आकार परत मिळवला, आणि आत खरी हाडंही आहेत. इथे आवाज कमी ठेवा, सेल्फी नको. मुलं बरोबर असतील तर आधी बाहेर थांबून त्यांना सांगा की ही माणसं आहेत. ठशांबद्दल जुने वाटाडे सांगतात त्या कहाण्या जपून ऐका. 'आई आणि मूल' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या एका जोडीतली मोठी व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं नातंही नव्हतं, हे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत कळलं.

हमरस्ता, आणि वाडा ओळखणाऱ्यांची सोय

मग वीया देल्लाब्बोन्दांत्सा. शहराचा हा हमरस्ता, आणि दिवसातले निदान दोन तास याच्यासाठीच ठेवा. सावकाश चाला आणि खाली बघा. लाव्हाच्या मोठ्या फरशांमध्ये चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. रस्ता ओलांडायला उंच दगड टाकलेले आहेत, कारण रस्त्यातून पाणी आणि घाण वाहत असे. दगडांमधलं अंतर गाडीची चाकं जातील इतकंच ठेवलंय. चौकाचौकांत दगडी हौद आहेत आणि त्यांच्या कडा हात टेकून टेकून झिजलेल्या आहेत. शतकानुशतकं पाणी भरणाऱ्यांचे हात. त्यांतल्या काही ठिकाणी आजही पिण्याचं पाणी येतं, बाटली भरून घ्या.

दुकानांचे उंबरे बघा. त्यात एक लांब खाच असते. लाकडी फळ्या तिच्यात सरकवून दुकान बंद करत आणि शेवटची फळी दारासारखी वापरत. जुन्या बाजारपेठेत फळ्यांची दुकानं पाहिलेल्याला ही खाच कुणी समजावून सांगावी लागत नाही. घरांचंही तसंच. दारातून अरुंद बोळ, मग आकाशाला उघडा चौक, चौकाच्या मध्ये पावसाचं पाणी साठवायचं उथळ कुंड, पलीकडे यजमानाची बसायची खोली आणि मागे खांबांच्या ओवऱ्यांनी वेढलेली बाग. वाड्यात वाढलेल्या माणसाला हा आराखडा ओळखीचा वाटतो. भिंतीतला लहानसा कोनाडा किंवा देवळाची रंगवलेली चौकट दिसली की ते देवघर समजा. लॅटिनमध्ये लारारियम. खाली बहुतेक साप काढलेले असतात, घराचे राखणदार म्हणून.

असं एक सुरेख देवघर १.८.८ या पत्त्यावर आहे. वेतुतियुस प्लाकिदुसच्या नावानं ओळखली जाणारी ही खानावळ. दगडी ओट्यात मातीचे मोठे रांजण बसवलेले आहेत, आणि त्यातल्या एकात जवळपास तीन किलो नाणी सापडली. भिंतीवर गृहदेवता आहेत, व्यापाराचा देव मर्क्युरी आहे, मद्याचा डायोनायसस आहे.

इथे थोडं थांबा. १९३८मध्ये याच गटात, म्हणजे १.८मध्ये, पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. तिला तेव्हा लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तळावर खरोष्ठी, म्हणजे भारताच्या वायव्येकडच्या लिपीतलं, अक्षर आहे. पण तिच्यासारख्याच मूर्ती सापडल्या त्या आपल्याकडे, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. पैठण आणि तगरहून माल गाड्यांतून भडोच बंदरात जाई, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. पुढे मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, मग इजिप्त, मग इटली. ही बाई त्या वाटेनं या गल्लीत आली. मूर्ती आता इथे नाही. ती उद्या भेटेल.

याच रस्त्यावर स्तेफानुसची कपडे धुवायची जागा (१.६.७) आहे. हौदात उभे राहून माणसं कपडे तुडवत आणि मळ काढायला लघवी वापरत. थोडं आत मेनांदेरचं घर (१.१०.४), जिथे चांदीची ११८ भांडी तळघरात दडवलेली मिळाली. पुढे स्ताबियन स्नानगृहं येतात. तिथे जमिनीखालची पोकळी बघायला वाका. विटांच्या ठेंगण्या खांबांवर जमीन उचलून खालून गरम हवा सोडत.

दुपार

एव्हाना एक वाजलेला असतो. फोरमजवळ एक उपाहारगृह आहे, गर्दीचं पण सोयीचं. बसायला, स्वच्छतागृहाला आणि सावलीला हीच जागा. शाकाहारी असाल तर मार्गेरिता पिझ्झा सगळीकडे मिळतो. मारिनारावर चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, हे कडक शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. त्या प्रवासात उत्तम टिकतात. अवशेषांवर बसून मात्र खाऊ नका, बसायच्या जागी बसा.

वेश्यागृहाबद्दल एकच सांगते. रांग लांब असते, जागा अंधारी आणि चिंचोळी आहे, आणि तिथे काम करणाऱ्या बहुतेक बाया गुलाम होत्या. बघायचंच असेल तर हे मनात ठेवून बघा. नाही बघितलं तरी काही बिघडत नाही. तो वेळ बेकरीला द्या. लाव्हाच्या दगडाची जाती, गाढवं फिरायची ती जागा आणि मागे भट्टी. मोदेस्तुसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भट्टीत (७.१.३६) ८१ पाव कोळसा होऊन तसेच राहिले होते.

फोरममध्ये ज्यूपिटरच्या देवळामागे व्हेसूव्हियस उभा दिसतो. आज त्याची उंची १,२८१ मीटर आहे आणि त्याचा शेवटचा उद्रेक १९४४चा. पश्चिमेकडच्या धान्यकोठारात जाळीमागे हजारो भांडी, रांजण आणि काही ठसे रचून ठेवलेत. सगळे इथे फोटो काढून पुढे जातात. तुम्ही पलीकडच्या मापाच्या दगडी ओट्याकडे जा. दगडात वेगवेगळ्या मापांचे खळगे कोरलेत, व्यापाऱ्याचं माप खरं आहे ना हे तपासायला. जुनी ओस्कन मापं खोडून नंतर रोमन मापं केलेली आहेत. राज्य बदललं की माप बदलतं, ते असं दगडात दिसतं.

तीन घरं, मग तटाबाहेर

उत्तरेकडे गेलात की सहाव्या विभागात श्रीमंतांची घरं आहेत. तीनच बघा.

फॉनचं घर (६.१२) एकटंच सगळा गट व्यापून आहे, जवळपास ३,००० चौरस मीटर. दारातल्या फरशीवर 'हावे' असं लिहिलंय, म्हणजे या, नमस्कार. अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं प्रसिद्ध कुट्टिमचित्र (मोझेक) याच घरातलं, इथे आता त्याची प्रतिकृती आहे. शोकांतिकाकाराचं घर (६.८.५) लहान, पण उंबऱ्यातला साखळीचा कुत्रा आणि 'कावे कानेम', कुत्र्यापासून सावध, ही पाटी सगळ्यांना आवडते. आणि वेत्ती बंधूंचं घर (६.१५.१). वीसेक वर्षांच्या डागडुजीनंतर ते २०२३मध्ये उघडलं. हे दोघे मुक्त झालेले गुलाम, बहुधा मद्याच्या व्यापारात वर आलेले. चौकात तिजोऱ्या सगळ्यांना दिसतील अशा ठेवलेल्या. भिंतीवर पंखवाली बाळं अत्तर बनवताहेत, सोनं घडवताहेत, दारू विकताहेत. दारातच प्रजननाचा देव प्रियापस याचं चित्र आहे, मुलं बरोबर असतील तर प्रश्नांची तयारी ठेवा.

साडेतीन-चारला पोर्ता एर्कोलानो या वेशीतून बाहेर पडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी आहेत, रोमन लोक गावाबाहेरच्या रस्त्याकडेला दफन करत. पंधरा मिनिटांवर व्हिला ऑफ द मिस्टरीज. तिच्या एका खोलीच्या चारही भिंतींवर गडद लाल पार्श्वभूमीवर माणसाएवढ्या आकृत्या आहेत: डायोनायससच्या दीक्षेचा सोहळा असावा, असा अंदाज. तिथे बसायला काही नाही, तरी निदान वीस मिनिटं थांबा. या व्हिलेतूनच बाहेर पडता येतं (परत आत येता येत नाही) आणि पोर्ता मरीनाजवळचं स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

जाताना खिशात दगड, खापरीचा तुकडा काहीही नको. तो गुन्हा आहे. नेलेले दगड वर्षांनी माफीची पत्रं लिहून परत पाठवणारे पर्यटक पाँपेईला नवे नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेपल्स

संग्रहालय आधी की पाँपेई आधी, यावर मतं आहेत. माझं मत पक्कं आहे: आधी पाँपेई. रिकाम्या भिंती आणि उघडे उंबरे बघून आल्यावर संग्रहालयातली प्रत्येक वस्तू तुम्ही मनानं त्या घरात परत नेऊन ठेवता. हे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं, म्हणून पाँपेई सोमवारी ठेवू नका. खरी अलेक्झांडरची लढाई, दहा लाखांहून जास्त तुकड्यांची, इथेच आहे.

हस्तिदंताची बाई 'गुप्त दालना'त असते. कामुक चित्रं आणि मूर्ती एकोणिसाव्या शतकात इथे कुलपात ठेवल्या गेल्या आणि पुढे तिचीही रवानगी तिथेच झाली. दालन २०००पासून सगळ्यांसाठी उघडं आहे. वस्तू अधूनमधून प्रदर्शनांना जातात, तेव्हा दारावर विचारून घ्या. काचेशी गेलात की आधी तिच्या पायांतले वाळे आणि हातभर बांगड्या दिसतात. मग मागे जा, वेणी बघा. डोक्यावरच्या खाचेवरून ती एखाद्या आरशाची मूठ किंवा लाकडी सामानाचा पाय असावी, असं म्हणतात. सासूबाई बराच वेळ तिच्यासमोर उभ्या होत्या आणि मग म्हणाल्या, "ही तर आपल्या गोरोबाकाकांच्या गावची."

गोरोबाकाकांच्या समाधीला तेरला जाल तेव्हा तिथल्या सरकारी संग्रहालयातही जा. तिच्या जातकुळीची दुसरी मूर्ती तिथे आहे.